मागच्या चाकातली तबकडी

बाकीच्या लोकांना राग येतो. म्हणजे तो कुठून तरी येतो, थोडा वेळ बसतो आणि निघून जातो. पानाताईचा राग मुक्कामालाच होता. सकाळी दुकानाचं शटर ती ज्या जोराने वर ढकलायची, त्यावरून समोरच्या इमारतीतल्या लोकांना कळायचं, की आज चाकात हवा भरायला जावं की उद्यावर टाकावं. हातात सदान्‌कदा पाना, म्हणून नाव पडलं पानाताई. तो पाना तिने आजवर कुणाला मारला नव्हता एवढंच. एकदा एका माणसाने ‘दुकानात कुणी पुरुषमाणूस नाही का’ असं विचारलं, तेव्हा तिने त्याच्या सायकलची दोन्ही चाकं काढून त्याच्या दोन हातांत दिली आणि म्हणाली, “पुरुषमाणूस शोधा आणि त्याच्याकडून बसवून घ्या.”

दुकान वडिलांचं. त्यांची नजर कमी होत गेली तशी ती शाळेतून परस्पर दुकानात येऊ लागली आणि मग शाळाही परस्परच सुटली. धाकटा भाऊ तेव्हा रांगता होता. तो रस्त्यावर जाऊ नये म्हणून ती त्याला समोर बसवायची आणि चाक फिरवत ठेवायची. फिरतं चाक दिसलं की पोरगं गप्प. पुढे त्याच्या हातात तिनेच पाना दिला, पंक्चर काढायला शिकवलं, वाकड्या चाकाची आउट काढायला, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायला शिकवलं. आउट काढण्यात तो तिच्याही पुढे गेला. हे ती बाहेर सगळ्यांना सांगायची, त्याला सोडून. वडील गेले तेव्हा दुकान दोघांच्या नावावर झालं, धाकट्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, पण ती बोलताना ‘माझं दुकान’ असंच म्हणायची आणि धाकटा ते ऐकून घ्यायचा.

बहीणभावांचं सगळ्या बाबतीत जमायचं. वाजलं ते एका प्लास्टिकच्या तबकडीवरून.

गिअरच्या नव्या सायकलला मागच्या चाकात, दातेरी चक्रं आणि स्पोक यांच्या मधे, बशीएवढी एक पारदर्शक तबकडी बसवलेली असते. सगळ्यात मोठ्या चक्रावर चढताना चेन चुकून त्याच्याही पलीकडे गेली, तर ती स्पोकमध्ये न पडता या तबकडीवर घासते आणि माघारी येते. तबकडीचं काम एवढंच. बहुतेक सायकलींवर तेवढंही तिला जन्मात करावं लागत नाही. कारण चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलणारा जो डिरेलर असतो, त्याला एक बारीकसा लिमिटचा स्क्रू असतो. तो नीट बसवला की चेन पलीकडे जातच नाही.

“स्क्रू नीट असेल तर तबकडी कशाला?” धाकटा म्हणायचा. “आणि स्क्रू नीट नसेल तर आपण कशाला?” तबकडी उन्हाने पिवळी पडते, तडकते, खडखडते, तिच्यामागे चिखल साठतो, हे तो बोटांवर मोजून दाखवायचा. शिवाय घट्ट कपडे घालून सुट्टीच्या दिवशी लांबलांब जाणारे जे सायकलवाले असतात, ते तबकडी दिसली की हसतात, आणि अशी गिऱ्हाइकं त्याला हवी होती.

पानाताईचं म्हणणं वेगळं. “सायकल दुकानातून बाहेर पडली की आपल्या हातात राहते का? ती पडते. कुणीतरी ढकलतं. दुसऱ्याची सायकल येऊन तिच्यावर रेलते. डिरेलर वाकतो आणि बसणाऱ्याला कळतही नाही. तबकडी आपल्यासाठी नाहीये, आपण तिथं नसतो तेव्हासाठी आहे.”

आता यात कोण चूक? कुणीच नाही. दोघंही बरोबर असली की भांडण कधी मिटत नाही, हा अनुभव घरोघरी आहे.

एका सुट्टीच्या दिवशी त्या घट्ट कपडेवाल्यांपैकी काहीजण दुकानात आले. धाकटा हसतखिदळत त्यांच्या तबकड्या काढत बसला होता. पानाताई आतून आली आणि म्हणाली, “माझ्या दुकानातून एकही सायकल तबकडीशिवाय जाणार नाही.”

“ताई, म्हातारीची काठी तरण्याच्या हातात देऊ नये,” धाकटा म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. ती हसली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं, पण लोकांना हसायला काय लागतं.

“माझ्या दुकानात राहायचं असेल तर…”

“आपल्या,” धाकटा म्हणाला.

एवढा एकच शब्द, पण त्यानंतर दोघांत शब्दच उरला नाही. एका खोलीएवढ्या दुकानात, पाठीला पाठ लावून, दोघं महिनोन्‌महिने अबोला धरून काम करत राहिली. काही हवं असलं तर गिऱ्हाइकाच्या मार्फत. “त्यांना सांगा, पंप माझ्याकडे नाहीये.” “त्यांना म्हणावं, पायाखाली बघा.” बिचारं गिऱ्हाईक मधे उभं राहून निरोप्याचं काम करायचं. एकजण तर पंक्चरची सायकल तशीच ढकलत दुसऱ्या दुकानात गेला. म्हणाला, तिथं निदान एकच माणूस आहे.

या दुकानाला न घाबरणारं एकच गिऱ्हाईक होतं, टेलरबाई. दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत त्यांचं शिवणाचं मशीन. शाळांचे गणवेश शिवायच्या आणि गठ्ठे बांधून सायकलवरून पोचवायच्या, पुलाचा चढ चढून. पानाताईशी त्यांचं जुळायचं, कारण राग त्यांच्याही नाकावरच असायचा.

एका दुपारी पानाताई जेवायला घरी गेली असताना टेलरबाई आल्या. मागच्या चाकातून खडखड आवाज येतोय, डोकं उठलंय, म्हणाल्या. धाकट्याने बघितलं. तबकडी दोन ठिकाणी तडकून लोंबत होती. त्याने कटरने ती तुकड्यातुकड्याने कापली आणि कचऱ्यात टाकली. पाणी प्यायला लागावं तेवढ्या वेळाचं काम. टेलरबाई खूश होऊन गेल्या. बहिणीला सांगायचं म्हटलं तर सांगणार कुणाच्या मार्फत? दुकानात तेव्हा दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

आणि थोड्याच दिवसांनी, पाठीमागे गठ्ठा बांधलेला, पुलाचा चढ, टेलरबाईंनी सगळ्यात हलका गिअर टाकला. चेन मोठ्या चक्रावर चढली, तिथून पलीकडे उतरली आणि स्पोकमध्ये रुतून बसली. चाक जागच्या जागी अडकलं. बाई गठ्ठ्यासकट आडव्या झाल्या. उजवं मनगट अंगाखाली आलं, आणि मोडलं. कात्री धरायचा हात, खोलीत न शिवलेल्या गणवेशांचा ढीग, आणि शाळा उघडायला आलेली.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसरीचं मनगट गेलं.

पानाताई दवाखान्यात बघायला गेली, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “तबकडी कुठं गेली?”

“ती तुमच्या भावाने काढली ना,” टेलरबाई म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, पानाताईची तिथून पुढे तोंडात गेली. ती दुकानात आली तेव्हा तीनचार गिऱ्हाइकं होती आणि धाकट्याची मुलगी बापाचा डबा घेऊन आली होती. पानाताईने कुणाकडे बघितलं नाही.

“ह्याने टेलरबाईंचा हात मोडला,” ती म्हणाली. “गाडी घालून नाही, बोटं चालवून. दुसऱ्याचं हाड मोडलं तरी चालेल, पण आपली सायकल देखणी दिसली पाहिजे.”

धाकटा उभा राहिला. कित्येक महिन्यांनी तो तिच्याशी सरळ बोलला. “स्क्रू नीट असला तर चेन जात नाही, ताई. सायकल कुठंतरी पडली असेल. डिरेलर वाकला असेल.”

“म्हणजे आता बाईंचाच दोष. नाचता येईना, अंगण वाकडं.”

मुलगी डबा ठेवून मागच्या मागे निघून गेली. धाकट्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

पानाताईचं मात्र उघडलं ते उघडलंच. टेलरबाईंची सायकल लोकांनी पुलावरून दुकानात आणून टाकली होती, ती तिने दुरुस्त केली नाही. स्पोकमध्ये रुतलेल्या चेनसकट तिने ती दुकानाच्या तोंडाशी हुकाला टांगली. हवा भरायला येणाऱ्यालाही ती म्हणायची, “बघा, ही तबकडी नसलेली सायकल.” मग पूल, मनगट, कात्री, सगळं साग्रसंगीत. भाऊ आतल्या बाजूला बसून ऐकतोय हे तिला ठाऊक असायचं. खरं सांगायचं तर त्यासाठीच ती आवाज चढवायची. टेलरबाईंची दया तिला येत होती, खरंच येत होती, पण त्या दयेच्या बुडाशी एक गोडी होती. मी म्हणत होते ना, याची. माणसाला ही गोडी एकदा लागली की ती सुटत नाही.

धाकटा दुकानात यायचा बंद झाला. मग कळलं, की त्याने एका गोदामात खोकी चढवण्याउतरवण्याचं काम धरलंय, सोमवारपासून जाणार. एका सकाळी भावजय पिशवी घेऊन आली.

“त्यांचे पाने द्या, वन्सं.”

“घेऊन जा,” पानाताई म्हणाली. “खोकी कसायला लागतील.”

भावजयीने पाने पिशवीत भरले आणि गेली. पानाताईने त्यानंतर एका टायरवर एवढा हात चालवला, की त्याची कडच फाटली. भाऊ गेला तरी दुकान चाललं असतं. पण समोर फिरतं चाक धरून जे पोर तिने वाढवलं, ते तिच्या तोंडामुळे खोकी उचलायला चाललं होतं, आणि ते थांबवायला एक शब्द पुरला असता. तो शब्द तिच्याकडे नव्हता. चूक त्याची, मग मी का बोलू? बोलायचं त्याने.

त्याच दिवशी, हात गळ्यात बांधलेला, टेलरबाई दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“माझी सायकल काय प्रदर्शनाला टांगलीय?”

“लोकांना कळायला नको?”

“लोकांना कळून माझे गणवेश पोचणार आहेत का? माझी बहीण येतेय मदतीला. संध्याकाळपर्यंत खाली काढा आणि चालू करून द्या.”

पानाताईने सायकल काढली आणि स्टँडला लावली. चेन ओढून सोडवली, तुटलेले दोन स्पोक बदलले. मग सवयीने डिरेलर वाकलाय का ते बघायला पट्टी लावली. डिरेलर सरळ होता. तिने पट्टी उलटी करून पुन्हा लावली. सरळच होता. म्हणजे सायकल कुठंही पडलेली नव्हती. ‘बघ, बाईंवर घसरत होता,’ असं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं यायच्या आत तिची नजर लिमिटच्या स्क्रूवर गेली.

पानाताईने आयुष्यात कधी नखांना रंग लावला नाही, पण दुकानात नेलपॉलिशची एक लाल बाटली कायम असायची. आपण बसवलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर ती लाल ठिपका द्यायची. कुणी नंतर स्क्रू फिरवला तर ठिपक्याला तडा जातो आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येतं, की हा माझ्यानंतर कुणीतरी हलवलाय. असं सांगून तिने कितीतरी जणांना गप्प केलं होतं.

या स्क्रूवर तिचा ठिपका होता आणि तो अखंड होता. तडा नाही, ओरखडा नाही.

मग सगळं आठवलं. टेलरबाईंची तक्रार होती, की चढावर हलका गिअर पटकन लागत नाही. वायर जुनी झाली होती, ती बदलायला बाईंना वेळ नव्हता, तेव्हा पानाताईने स्क्रूच थोडा सैल केला होता, म्हणजे चेन बिनतक्रार चढेल. जरा पलीकडे गेलीच तर तबकडी आहे ना. असं ती नेहमीच करायची. तबकडी असलेल्या सायकलला तिचा हात एवढा सैल राहायचाच, आणि धाकट्याला हे माहीत नव्हतं, कारण त्याच्या हातचा स्क्रू तबकडी असो नसो, घट्टच असायचा.

तिने पेडल फिरवून गिअर टाकला. चेन मोठ्या चक्रावर चढली आणि निमूटपणे पलीकडे उतरली.

तिला पहिल्यांदा राग आला तो धाकट्याचाच. तबकडी काढलीस तर स्क्रू बघायला काय झालं होतं? मग टेलरबाईंचा, ज्यांना वायर बदलायला वेळ नव्हता. मग त्या बाटलीचा. कुणावरच तो टिकेना. हातात स्क्रूड्रायव्हर होता, सायकल संध्याकाळी द्यायची होती, तिने स्क्रू जिथं हवा तिथवर घट्ट केला. ठिपका तडकून त्याचा भुगा खाली पडला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आता हे जगात कुणालाच कळणार नाही. काही न करता ती सुटली होती. शटरपर्यंत जाऊन ती परत आली, परत गेली. एवढी चिडली होती, की शेजारच्या चहावाल्याने ‘काय झालं’ विचारलं तर म्हणाली, “तुझं काम कर.” मग सायकलला नवी तबकडी बसवली आणि सायकल हातात धरून टेलरबाईंकडे गेली.

टेलरबाई डाव्या हाताने कात्री चालवायचा प्रयत्न करत होत्या. कापड दाताखाली धरलं होतं. पानाताईने दारातच सगळं सांगितलं, न थांबता, आवाज चढवूनच, कारण दुसऱ्या आवाजात बोलायची तिला सवय नव्हती. स्क्रू मी सैल ठेवला, तबकडीच्या भरवशावर. त्याने तबकडी काढली, स्क्रूच्या भरवशावर.

टेलरबाईंनी दातातलं कापड काढलं.

“म्हणजे तुम्ही दोघांनी माझ्या एकाच चाकाला हात लावलात, आणि काय केलंत ते एकमेकांना सांगितलं नाहीत.”

“आमचं बोलणं बंद होतं.”

“कशावरून?”

पानाताईने सायकलचं हँडल या हातातून त्या हातात घेतलं.

“तबकडीवरून. सगळ्या वस्तीला माहितीय.” टेलरबाई उठून उभ्या राहिल्या. “असावी का नसावी, यावर जगाशी बोललात. मला येताजाता ऐकवलंत. लोकांना सायकल टांगून दाखवलीत. एकमेकांना एक वाक्य सांगायला तेवढी तुमची जीभ झडली होती. आता नवी लावलीत म्हणता? तबकडी लावा नाहीतर ताट लावा, मला काय करायचंय त्याचं? माझा हात वळत नाहीये. डॉक्टर म्हणतात पहिल्यासारखा वळेलच असं नाही. जा इथून. आणि ज्याला लोकांसमोर बोललात त्याच्याकडे आधी जा, मला कशाला तोंड दाखवताय?”

पानाताईला इतकं ऐकवून कुणी अजून जमिनीवर उभं राहिलं नव्हतं. ती सायकल भिंतीला टेकवून निघाली.

धाकट्याचं घर दुकानामागच्या चौकात. तो मोरीत बसून ब्रशने हात घासत होता. गोदामात जायचं म्हणून नखांतलं काळं काढत होता, आणि ते निघत नव्हतं. दारात भाची उभी होती. तिने पानाताईकडे बघितलं आणि ‘आत्या’ न म्हणता आत गेली. भावजयीने ‘बसा’ म्हटलं नाही.

“स्क्रू माझा होता,” पानाताई म्हणाली. “सैल ठेवला होता मी. डिरेलर सरळ आहे. टेलरबाईंना सांगून आले. उद्या दुकानात सगळ्यांना सांगणार आहे, ज्यांना ज्यांना तुझं नाव घेऊन बोलले त्या सगळ्यांना. तुझा दोष नाही.”

धाकटा हात घासतच राहिला. “आहे. तबकडी काढली की स्क्रू बघायचा असतो. एवढं कळतं मला.”

“मग बघितला का नाहीस?” ती ओरडली. तिला ओरडायचं नव्हतं.

धाकट्याने ब्रश आपटला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला.

“का नाही बघितला? ऐकायचंय? दुसऱ्याच्या हातचं काम तपासल्याशिवाय सायकल रस्त्यावर सोडायची नाही, हे तूच शिकवलंस. सगळ्यांचं तपासतो मी. कंपनीतून आलेलंसुद्धा तपासतो. त्या स्क्रूवर तुझा लाल ठिपका होता, ताई. तुझा ठिपका दिसला की मी पुढे बघत नाही. कधीच नाही बघितलं. तू माझ्याशी बोलत नव्हतीस, मला चारचौघांत तोडून बोलायचीस, तेव्हासुद्धा नाही बघितलं.”

पानाताई उंबऱ्यावर बसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“सोमवारी गोदामात जाऊ नकोस,” ती म्हणाली. “दुकानात ये. आपल्या.”

धाकट्याने नळ सोडला, हातावरचा फेस धुतला, आणि हात पुसताना तिच्याकडे न बघता म्हणाला, “येईन. पण यापुढे तुझेही स्क्रू तपासणार.”

“तपास,” पानाताई म्हणाली.

ती उठून घराकडे चालू लागली. वाटेत एका पोराने तिच्या अंगाला घासून सायकल नेली, तरी ती त्याला काही बोलली नाही.